जॉर्ज कॅडबरी व त्यांचे कामकरी

कॅडबरी हें नांव आपल्या खेड्यांतील मुलांनाही चॉकलेटच्या वेष्टनावरून ठाऊक आहे. परंतु त्या नांवाचे धनी आपल्या मजुरांशीं कसे वागले, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

जॉर्ज कॅडबरी ह्यांचा जन्म इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं एका क्वेकर कुटुंबांत इ. स. १८३९ त झाला. १८६१ त ते व त्यांचे वडील बंधु रिचर्ड ह्यांनीं पित्याचा कोकोचा बुडत चाललेला कारखाना हातीं घेतला. आईकडून वांट्यास आलेला पैसा त्यांत घातला व प्रथम तोटाच सोसला. मजुरांस मात्र त्यांनीं पिळलें नाहीं. स्वतः काटकसरीनें राहिले. शनिवारीं अर्धी सुटी देणाऱ्या शहरांतील पहिल्या कांहीं कारखान्यांत त्यांचा कारखाना होता.

रविवारीं ते प्रौढांच्या शाळेंत गरीब पुरुषांस शिकवीत. हा क्रम सुमारें ५० वर्षें चालला. तेथेंच त्यांस दाट वस्तींतील जिण्याची ओळख पटली. १८७९ त दोघां बंधूंनीं कारखाना शहराबाहेर ४ मैलांवर मोकळ्या रानांत, बोर्नव्हिल येथें नेला. रेल्वे कंपनीशीं बोलून मजुरांचें भाडें कमी करविलें. जेवण गरम करण्याची सोय व खेळाचीं मैदानें केलीं. तेव्हां सुमारें २३० कामकरी होते; १८९९ त ते अडीच हजारांवर गेले. १९०२ पासून कामांतील सुधारणा सुचविण्यास मजुरांस उत्तेजन मिळूं लागलें. ज्याचें म्हणणें धनी ऐकतो, तो यंत्राशीं उभा असतांना डोकेंही चालवितो, हें उघड आहे. तथापि विवाह होतांच स्त्रियांस नोकरी सोडावी लागे, हें आज आपणांस रुचणार नाहीं.

त्यांनीं बागेसह घरें बांधलीं, आणि १९०० त ३३० एकर जमीन व ३१३ घरें एका ट्रस्टच्या स्वाधीन केलीं. तीं केवळ आपल्या नोकरांसाठीं राखलीं नाहींत. आम्हांस हीच गोष्ट थोर वाटते. कारण घर व भाकर दोन्ही एकाच धन्याच्या हातीं असलीं कीं नोकराचें तोंड बंद होतें.

डाग नव्हता असें नाहीं. पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावर कोको गुलामांसारख्या राबविलेल्या मजुरांकडून पिकविला जातो, हें १९०१ पासून कंपनीच्या कानीं येत होतें. पण तपास व बोलणीं चालू ठेवून खरेदी १९०९ त बंद झाली. त्याच वर्षीं एका वर्तमानपत्रावरील अब्रुनुकसानीचा दावा कंपनीनें जिंकला, परंतु भरपाई मिळाली अवघी एक फार्दिंग. पंचांच्या मनांत काय होतें, तें वाचकांनींच ताडावें.

ते २४ ऑक्टोबर १९२२ रोजीं निवर्तले. बोर्नव्हिलच्या हिरवळीवर स्मरणार्थ भरलेल्या उपासनेस हजारों लोक जमले होते.