शिष्यवृत्तीची मुदत

१९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. केवळ गुणपत्रिका पाहून शिष्यवृत्त्या वाटणाऱ्या एखाद्या समितीपुढे हा आकडा गेला असता, तर तो अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडला असता. घरी वडिलांचे लष्करी पेन्शन, मोठे कुटुंब आणि परळच्या चाळीतील जागा; त्यात अभ्यासाला स्वतंत्र कोपरा मिळणेही कठीण. अशा घरातून आलेल्या त्या गुणांचे मोल कसे करावयाचे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या नियमावलीत नव्हता. तो आजही सर्व नियमावल्यांत नीट उतरला आहे असे नाही.

इंटरची परीक्षा झाली आणि सुभेदार रामजी सकपाळ यांची ऐपत संपली. पुढे जे घडले त्यासाठी छापील अर्ज नव्हता, जाहिरात नव्हती. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेत पूर्वीच भरला होता. केळुसकरांनी त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासमोर नेऊन उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपये मंजूर झाले. महाराजांचे औदार्य मोठेच. परंतु त्या औदार्यापर्यंतची वाट दाखविणारा शिक्षक भेटला नसता, तर ते औदार्य या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडले नसते. ज्यांना केळुसकर भेटले नाहीत त्यांची नोंद कोठेच नाही.

बी. ए. झाल्यावर आंबेडकर जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण वडिलांच्या आजारामुळे त्यांना लगेच परतावे लागले आणि २ फेब्रुवारीस रामजी वारले. घर चालविण्याचे ओझे डोक्यावर असतानाच अमेरिकेच्या शिष्यवृत्तीची संधी आली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी. कराराची भाषा सरळ होती. संस्थानाने पैसा द्यावयाचा व विद्यार्थ्याने आयुष्याची दहा वर्षे. तो विद्यार्थी बडोद्यात कोठे राहील, त्याला घर कोण देईल, याविषयी एकही कलम नव्हते.

कोलंबिया विद्यापीठातील ती तीन वर्षे म्हणजे काटकसरीचा एक अभ्यासक्रमच होता. त्याच साडेअकरा पौंडांतून मुंबईच्या घरी पैसे धाडावयाचे, त्यातूनच जेवावयाचे आणि जुनी पुस्तके विकत घ्यावयाची. १९१५ मध्ये एम. ए. झाले, पुढील वर्षी राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध पूर्ण झाला. मग महाराजांच्या अनुमतीने लंडन, तेथे स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. परंतु अभ्यास अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली व परतणे भाग पडले. मुदतीचा आणि विद्येचा हिशेब क्वचितच जुळतो. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट मात्र केली, आणि तीत त्यांचा व्यवहारी स्वभाव दिसतो: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. खिशात पैसा नव्हता, पण दार उघडे राहील अशी तजवीज होती. बोटीने स्वतंत्र पाठविलेली पुस्तके मात्र महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली.

करार पाळण्यासाठी ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात दिवसाला दीड रुपया देऊन नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत कोलंबियाचा हा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला. दहा वर्षांच्या नोकरीचा करार असा निकालात निघाला. यात दोष महाराजांचा म्हणावा काय? त्यांनी दिलेला पैसा खराच होता. परंतु ज्या समाजाने विद्यार्थ्याला राहण्यास जागा द्यावयाची, तो समाज करारात पक्षकार नव्हता.

मधल्या काळात शिकवण्या झाल्या. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. पगार चांगला, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. शिल्लक टाकलेला प्रत्येक रुपया लंडनच्या त्या चार वर्षांच्या परवानगीकडे डोळे लावून होता. या काटकसरीचा भार रमाबाईंनी किती उचलला, हे चरित्रांत फार थोड्या ओळींत येते. अखेर शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, रात्री भुकेला आधार पापडाचा. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मॅट्रिकच्या २८२ गुणांचा हिशेब येथवर पोचला होता.

या अनुभवाचा उपयोग त्यांनी जेथे केला, त्याची चर्चा राज्यघटनेच्या तुलनेत फारच कमी होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले आणि उच्च शिक्षणासाठी सरकारकडून पैसा मागितला. वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली. महाविद्यालयांच्या कार्यालयांत तिला आजही ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ याच नावाने ओळखतात. राजाच्या मर्जीवर किंवा केळुसकरांसारखा शिक्षक भेटण्याच्या योगायोगावर जे अवलंबून होते, ते आता नियमाने मागता येऊ लागले. महाराजांची कृपा आणि विद्यार्थ्याचा हक्क यांतील अंतर आंबेडकरांना कामाठी बागेतच कळले असावे.

शिष्यवृत्तीनेही सारे भागत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व पुढील वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी भरविले जात. सकाळी व्याख्यान ऐकून विद्यार्थ्याने दहा-साडेदहाला कचेरीत हजर व्हावे, पगारातून घर चालवावे आणि पदवीही घ्यावी, अशी ती योजना होती. फोर्टमधल्या कारकुनांच्या एका पिढीने त्या वेळापत्रकावर बी. ए. केले.