तंजावरचे श्वार्ट्झ चर्च आणि सरफोजीराजांचे पालक

तंजावरला बृहदीश्वराचे दर्शन झाले की आपली मंडळी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळतात. मंदिराजवळच शिवगंगा तलावापाशी एक जुने प्रोटेस्टंट चर्च आहे. मराठी माणसाने तेही पाहावे, असे आम्हाला वाटते.

हे चर्च ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. हाले येथे शिक्षण घेऊन ते १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये आले. तमिळ आणि फारसी तर ते शिकलेच, पण तंजावरच्या भोसले दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकले. हैदरअलीच्या स्वारीत अन्नाची टंचाई झाली, तेव्हा त्यांनी आधीच साठवलेल्या तांदळावर अनेकांचे प्राण वाचले.

चर्च १७७९ चे. ते सरफोजीराजांनी बांधले असे बऱ्याच ठिकाणी छापलेले आढळते. पण राजांचा जन्म १७७७ चा, म्हणजे हा हिशेब जुळत नाही. राजांची खरी देणगी चर्चच्या आत आहे.

१७८७ मध्ये तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करू पाहिले. राज्यकारभाराची जबाबदारी आपली नव्हे, असे सांगून त्यांनी राजबंधू अमरसिंहांचे नाव सुचवले. पुढे दत्तकविधान अवैध ठरवून अमरसिंहच गादीवर बसले आणि मुलगा नजरकैदेत पडला. मग श्वार्ट्झ यांनी मद्रासला तक्रारी केल्या, मुलाला तिकडे हलवून त्याच्या शिक्षणाची सोय लावली आणि त्याच्या हक्काचा पाठपुरावा केला. तो हक्क मान्य होऊन १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. पण ते पाहायला श्वार्ट्झ नव्हते. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले होते.

राजांनी इंग्लंडचे नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले आणि या चर्चमध्ये बसवले. मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजीराजे आणि जवळ उभी मुले, असे ते दृश्य आहे.

सरफोजीराजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवणारे राजे हेच. पुढच्या वेळी तंजावरला जाल तेव्हा तो शिलालेख आणि हे शिल्प, दोन्ही मुलांना दाखवावे.