डॉ. आल्बर्ट गुंथर आणि आपली सापसुरळी

लोटे गांवाच्या आसपास अंगणांतील एखादा दगड उचलावा, तों खालून तुळतुळीत अंगाची सापसुरळी सळसळत निघते, आणि सापाची मावशी म्हणून तिच्यावर काठी पडते. लहानपणीं आम्हींहि ती काठी उगारली आहे. हिचें एक भावंड, लांबट देहाचें व अगदीं आखूड पायांचें, सह्याद्रीच्या रानांत आढळतें. बर्लिनचे प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स यांनीं १८७९ सालीं त्यास ज्यांचें नांव दिलें, त्या गुंथर यांचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों.

आल्बर्ट गुंथर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८३० रोजीं जर्मनींतील एस्लिंगेन येथें झाला. धर्मोपदेशक होण्यासाठीं त्यांनीं ट्युबिंगेन येथें ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. परंतु मन सृष्टीच्या निरीक्षणांत रमल्यामुळें ते पुढें वैद्यक शिकले. १८५७ सालीं ते लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें कामास लागले. तेथें देशोदेशींचे मृत साप बरण्यांतून काढावे, एकेकाचे खवले मोजावे व यादी करावी, असें हें कंटाळवाणें काम. पण तें त्यांनीं निष्ठेनें केलें. १८६४ सालीं हिंदुस्थानांतील सरपटणाऱ्या प्राण्यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. माशांची आठ खंडांची सूची १८७० मध्यें पुरी झाली.

न्यूझीलंडांतील ट्वाटारा हा प्राणी दिसावयास हुबेहूब सरडा. गुंथर यांचे वरिष्ठ ग्रे यांनींहि त्यास सरड्यांतच घातलें होतें. परंतु गुंथर यांनीं त्याचीं हाडें तपासलीं आणि तो सरडा नसून एका निराळ्या, प्राचीन गणांतील आहे, असें १८६७ सालीं सिद्ध केलें. वरिष्ठांच्या मतापेक्षां त्यांनीं डोळ्यांपुढील पुराव्यास अधिक मान दिला. १८७५ पासून १८९५ पर्यंत ते प्राणिविभागाचे प्रमुख होते. १ फेब्रुवारी १९१४ रोजीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थीमित्रहो, सापसुरळीस पाय आहेत, मिटणाऱ्या पापण्या आहेत, कानांचीं छिद्रें आहेत. सापास यांपैकीं कांहींच नसतें. तिला विष नाहीं. ती किडे खाऊन आपलें पोट भरते. तरी केवळ रूपावरून आपण तिला देहान्ताची शिक्षा देतों! पुढील खेपेस काठी उचलण्यापूर्वीं दुरूनच क्षणभर नीट पाहा. प्रभूनें जें निर्माण केलें, तें ओळखल्यावांचून मारूं नये, एवढा धडा या चरित्रापासून घेतला तरी आमचे श्रम सार्थकीं लागतील.