डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे दुखणे

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या पदवीविषयी पुष्कळ लिहिले गेले; आम्ही आज त्यांच्याकडे रोगी या नात्याने पाहतो. कारण नवी मुंबईभोवतालच्या खेड्यांत ज्या प्रश्नाने घरोघरची माणसे गांजलेली आम्हांस दिसतात, तोच त्यांनी स्वतःच्या देहावर सोसला. दुखणे आले असता कोणाकडे जावे, केव्हा जावे, आणि ते ठरवावे कोणी?

या बाईंचा जन्म १८६५ साली कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांजबरोबर झाले. वर वधूहून पुष्कळच मोठा. पुढे चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्या बाळंत झाल्या, आणि मूल अवघे दहा दिवस जगले. त्या काळी डॉक्टर नव्हते असे नाही; परंतु परपुरुषास आपले दुखणे दाखविण्यापेक्षा वेदना गिळणे पुष्कळ कुलीन स्त्रियांस बरे वाटे, आणि सुइणीच्या हाताबाहेर गोष्ट गेली की घरची माणसे दैवाकडे बोट दाखवीत. गावात औषध असूनही ते रोग्यापर्यंत पोहोचत नाही, हे आनंदीबाईंनी जाणले. पैशाची अडचण मोठी खरी. पण लाजेची अडचण तिच्याहून जुनी.

गोपाळराव विद्येचे भोक्ते, तसेच हेकट व तापट. अभ्यासात कसूर झाली तर पत्नीवर हात टाकीत, हे झाकण्यात अर्थ नाही. कोल्हापुरास असता त्यांनी वाइल्डर नामक मिशनरीस साहाय्यासाठी लिहिले. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती होण्याचे सुचविले; ते जोडप्यास मान्य झाले नाही. साहेबांनी ती पत्रे आपल्या मासिकात छापिली, आणि १८८० साली थिओडोशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी ती दंतवैद्याकडे बसल्या असता वाचिली. धर्मांतराची अट न घालता त्यांनी हात पुढे केला. आमच्या मते अधिक ख्रिस्ती वर्तन याच बाईंचे.

हिंदुस्थान सोडण्यापूर्वीच आनंदीबाईंस डोकेदुखी व ताप जडला होता. कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधे धाडिली. गुण आला नाही. तरी १८८३ साली श्रीरामपूर येथील मिशनरी कॉलेजात भाषण करून, हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे हे त्यांनी लोकांस सांगितले व त्या जहाजात बसल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत आहार व पेहराव त्यांनी घरचाच ठेविला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. परंतु तोवर क्षयाने शरीर पोखरले होते.

कॉख यांनी १८८२ सालीच क्षयाचा जंतू शोधिला होता; त्यावरचे औषध मात्र कोणापाशी नव्हते. हवा पालटा, विश्रांती घ्या, दूध प्या, एवढाच काय तो त्या काळचा सल्ला. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या. त्यांस पुण्यास नेऊन देशी उपचार केले, म्हणून आज कोणी नाक मुरडतात. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. त्या साली डॉक्टर काय नि वैद्य काय, दोघांचेही हात रिकामेच होते. क्षयावर गुणकारी असे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. आज तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला असल्यास थुंकी तपासून घेण्यास सांगतात. तरी सुनेचा खोकला शेजारणीस कळू नये म्हणून महिनोन्‌महिने दडविणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तेथे सुनेला कोणी विचारीतही नाही.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यास वारल्या. वयाची बावीस वर्षेही भरली नव्हती. कोल्हापूरच्या कामावर त्यांस रुजू होता आले नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. ती न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविलेली आहे.