बाबासाहेबांचा अभ्यास आणि त्यांची झोप

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे भीमजयंतीच्या प्रत्येक सभेत सांगितले जाते. ते ऐकून आपल्या घरातील मुले दहावीच्या वर्षी रात्र-रात्र जागतात आणि आईवडिलांना त्याचा अभिमानही वाटतो. परंतु त्या अभ्यासाची सवय लागली कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. विट्यासारख्या गावी, जेथे बाप रात्रपाळीला यंत्रमागावर उभा असतो आणि घर म्हणजे एकच खोली असते, तेथे तर ही हकीकत मुद्दाम समजून घेतली पाहिजे.

बाबासाहेबांचे बालपण आपल्याच मुलखात गेले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीम लहानपणीच साताऱ्यास आला. तेथे १८९६ साली आई भीमाबाई वारल्या आणि आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्याचे नाव दाखल झाले. वडील सुभेदार रामजी त्या दुष्काळी दिवसांत विट्याशेजारच्या खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनापासून पुढे वाटेत कोणी पाणीही दिले नाही, ही गोष्ट आपणांस ठाऊकच आहे.

पुढे १९०४ साली सुभेदार मुलांना घेऊन मुंबईस गेले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. भोवती सगळी गिरणी कामगारांची वस्ती. बिऱ्हाड एका खोलीचे. स्वयंपाक तेथेच, बसणे-उठणे तेथेच आणि निजणेही तेथेच. भीमाच्या उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी. दिवसा व संध्याकाळी चाळीत एवढा गलबला असे की पुस्तकात लक्ष लागणे अशक्यच होते. शिवाय सर्वांनी एकाच वेळी पाय पसरावेत इतकी जागाही नव्हती.

सुभेदारांनी यावर एक तोड काढली. संध्याकाळी लवकर ते भीमाला झोपवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. दोन वाजले की मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागी आपण पडायचे. चाळ निजलेली असे. काच नसलेल्या रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याजवळ भीम वाचीत बसे. वाढत्या वयाच्या मुलाला एवढी झोप पुरेशी होती असे आज कोणी डॉक्टर म्हणणार नाही. पण ती रोजची होती, वेळेवर होती आणि अभ्यासाच्या आधी होती. मूल ताजे होऊन पुस्तकाशी बसत होते. आणि जागरण कोणी केले, तर बापाने! मुलाला अभ्यासाला बस म्हणून ओरडायचे आणि स्वतः टीव्ही मोठ्याने लावून बसायचे, ही रीत सुभेदारांची नव्हती. पुस्तकांसाठी मुलीचे दागिने गहाण टाकायचे आणि पेन्शन हाती आली की सोडवून द्यायचे, हेही ते करीत.

घरात शांतता नव्हती म्हणून भीमाने शाळा सुटल्यावर आणखी एक जागा शोधली होती. चर्नी रोडच्या बागेत जाऊन तो वाचीत बसे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्याला हेरले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. आपल्या धम्माच्या वाटेची सुरुवात शोधू गेल्यास त्या बागेतील बाकापर्यंत जावे लागते. विट्यात ज्या घरी मागांचा खडखडाट दिवसरात्र ऐकू येतो, त्या घरच्या मुलाला विहारात संध्याकाळी दोन तास बसू दिले तर काय बिघडेल?

नंतरचे दिवस मात्र निराळे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९२० साली पुन्हा लंडनला. तेथे सकाळी ग्रंथालय उघडण्याच्या वेळी ते दारात हजर असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारचे जेवण नाही. रात्री खोलीवर पुन्हा पुस्तक. सोबती झोपा म्हणून विनवी, तरी दिवा जळतच राही. पैसा थोडा, मुदत थोडी आणि मागे उपाशी समाज. त्यांना दोष कोण देणार? पण शरीराला त्याची झळ बसल्यावाचून राहिली नाही.

पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजत नाही. बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? त्यांना विसावा घ्यायला आपण सवडच दिली नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि अध्यक्ष म्हणून बहुतेक भार त्यांच्यावरच पडला. मधुमेह होताच. झोप येईना, पाय असह्य दुखू लागले, इन्सुलिन चालू झाले. उपचारासाठी ते मुंबईस आले. तेथे डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी पथ्यपाणी व औषधे आपल्या हाती घेतली. बागेची त्यांना पहिल्यापासून आवड. उतारवयात ते व्हायोलिनही शिकले. एवढाच त्यांचा विरंगुळा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. प्रकृती ढासळली असताही नोव्हेंबरात ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेस गेले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले. ६ डिसेंबरला सकाळी घरची माणसे उठवायला गेली, तेव्हा झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झालेले होते. वय अवघे पासष्ट. ग्रंथ छापून आला तो १९५७ साली.