आनंदीबाईंचे पहिले वर्ष

आपल्या कोनहून निघून खाडीवरचा दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण लागते. तुमच्यापैकी काही जण दहावीनंतर याच पुलावरून रोज कॉलेजला जाणार आहात. तिथे वर्ग नवा, सोबती नवे. आजवर उर्दूत शिकलेला विषय अचानक इंग्रजीत समोर येतो आणि पहिले काही महिने तोंडातून शब्द फुटत नाही. मला हे चांगले ठाऊक आहे. बी.एड.च्या सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः शेवटच्या बाकावर गप्प बसत असे. म्हणून आज तुम्हांला कल्याणच्याच एका मुलीची हकीकत सांगते. ती कॉलेजसाठी पूल नव्हे, समुद्र ओलांडून गेली.

तिचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. ते वयाने खूप मोठे आणि स्वभावाने हट्टी होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. स्वयंपाक बिघडला म्हणून रागावणारे नवरे त्या काळी पुष्कळ होते. हे मात्र अभ्यास झाला नाही म्हणून रागावत, प्रसंगी मारतही. ते मारणे चांगले होते असे मी म्हणणार नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. त्या वेळी स्त्रियांना पुरुष डॉक्टरसमोर जाण्याचा संकोच वाटे आणि स्त्री डॉक्टर मिळत नसे. आपणच डॉक्टर व्हायचे, असे आनंदीबाईंनी ठरवले.

गोपाळरावांनी अमेरिकेतील एका पाद्र्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दातांच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट पाहत असताना वाचले आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पती सोबत नव्हते. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भर सभेत त्यांनी सांगितले होते की, आपण आपला धर्म सोडणार नाही. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. उन्हाळाभर त्या कार्पेंटरबाईंच्या घरी घरच्यासारख्या राहिल्या आणि त्यांना मावशी मानू लागल्या.

खरी परीक्षा सुरू झाली ती फिलाडेल्फियाला. तिथे केवळ स्त्रियांसाठी १८५० साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय होते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका रेचल बॉडले त्याच्या प्रमुख होत्या. आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. वय अवघे अठरा. शाळेत सलग शिकण्याची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. इंग्रजी बहुतेक घरीच शिकलेल्या. आता शरीररचनेची जाडजूड पुस्तके त्याच भाषेत वाचायची, व्याख्यानेही त्याच भाषेत ऐकायची.

त्यात थंडी. आपल्याकडे डिसेंबरात गोधडी अंगावर घेतली की भागते. तिथे बर्फ पडे. त्यांच्या खोलीतली शेगडी नीट चालत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर गारठा. दोन्हींपैकी काय सोसायचे, हाच प्रश्न. मांसाहार त्या करीत नव्हत्या, त्यामुळे पोटभर जेवणाचीही पंचाईत.

मग पोशाखाचा प्रश्न आला. त्या नऊवारी लुगडे नेसत. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि त्या हवेत ते सोसेना. काय करावे? परक्यांचा झगा घालायचा नव्हता आणि आजारी पडून अभ्यासही सोडायचा नव्हता. बराच विचार करून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. तीत पाय झाकले जात, शिवाय साडीही सुटली नाही. मला तर हा निर्णय परीक्षेतल्या गुणांहून मोठा वाटतो. आपल्या वर्गातल्या मुलींना तो अधिक समजावून सांगायला नको.

पण गोपाळरावांना हा बदल रुचला नाही. शिकायला पाठवणारे तेच, आणि पत्रांतून रागावणारेही तेच. आनंदीबाईंनी उत्तरे लिहिली. लहानपणी खाल्लेल्या माराची आठवणही एका पत्रात करून दिली. कल्याणच्या घरात मुकाट्याने ऐकणारी ती मुलगी आता राहिली नव्हती.

पहिले वर्ष पार पडले, पण त्याची किंमत शरीराने मोजली. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा सुरू झाला; पुढे क्षयाने गाठले. तरी वर्ग सोडले नाहीत. तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई आहेत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या, म्हणजे आपण ज्याला दिमश्क म्हणतो त्या शहराच्या, सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. एकाच कॉलेजात शिकणाऱ्या त्या तिघी परदेशी मुलीच होत्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना मिळाले, पण ते सुरू करण्याइतकी ताकद उरली नव्हती. वर्षअखेर त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाच उरला होता.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे.