ट्रान्सफॉर्मरमधल्या वायूचा ‘आवाज’ आधी ऐकला टेलिफोनच्या बेल यांनी

राहुरी : मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या या तालुक्यात वीज गेली की पंप थांबतो. पण गावातली डीपी जळणे वेगळे आणि उच्चदाब उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर निकामी होणे वेगळे. तो एका दिवसात बदलून मिळत नाही. बिघाड वाढत असताना त्याच्या तेलात वायू तयार होतात. ते लेसरने ओळखण्याच्या एका पद्धतीचे मूळ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या प्रयोगात आहे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. आईला नीट ऐकू येत नसे. वडील उच्चारशास्त्र शिकवत. दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये कुटुंब कॅनडात आले. पुढे बेल बोस्टनमध्ये कर्णबधिरांना शिकवू लागले. त्यांची विद्यार्थिनी मेबल हिच्याशीच त्यांनी लग्न केले. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले. त्यावरून झालेले वाद सर्वांना ठाऊक आहेत.

१८८० मध्ये सहकारी टेंटर यांच्यासह त्यांनी फोटोफोन बनवला. तारेऐवजी सूर्यकिरणावरून आवाज २१३ मीटर दूर पोहोचला. बेल याला टेलिफोनपेक्षा मोठा शोध मानत. ढग आले की यंत्र मुके! धंदा म्हणून ते चालले नाही.

पण याच खटाटोपात एक गोष्ट लक्षात आली. तुटक-तुटक प्रकाश पडला की पदार्थ स्वतःच आवाज करतो. प्रकाश शोषला की तो तापतो, प्रकाश थांबला की निवतो. या चढउतारातून दाबाची लहर, म्हणजेच ध्वनी निर्माण होतो. वायूही असेच ‘बोलतात’, हे १८८१ पर्यंत दिसून आले.

बेल यांची दुसरी बाजूही आहे. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून बोलायलाच शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. कर्णबधिरांचा त्यावरचा राग आजही ओसरलेला नाही. २ ऑगस्ट १९२२ रोजी ते गेले. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका-कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले.

बेल यांच्याकडे लेसर नव्हता, संवेदनशील मायक्रोफोनही नव्हता. ही उणीव पुढे भरून निघाली, आणि त्यात बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात इंजिनीअर झालेल्या सी. कुमार पटेल यांचा वाटा आहे. बेल यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला. १९७१ मध्ये क्रॉयझर यांच्यासह लेसर आणि ध्वनीच्या मदतीने हवेतला नायट्रिक ऑक्साइड मोजून दाखवला.

ट्रान्सफॉर्मरवर हीच युक्ती चालते. तेलातून वायू वेगळा काढायचा, त्यावर ठरावीक तरंगलांबीचा तुटक प्रकाश सोडायचा आणि मायक्रोफोनने ऐकायचे. आवाज जितका मोठा, तितका वायू जास्त. ॲसिटिलीन सापडला तर आत ठिणगी उडते आहे. इथिलीन वाढला तर तेल फार तापते आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर वेटोळ्यांवरचा कागद जळत असण्याची शक्यता. हायड्रोजन मात्र हा प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा सेन्सर बसवावा लागतो.